हाँगकाँगसाठी दोनच दिवस हातात असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी सकाळी हाँगकाँगला उतरणार, रविवारी रात्री उशिराच्या विमानानं परत. सोबत पासष्टी ओलांडलेले आई-बाबा, दोघंही शाकाहारी, बाबांचे गुडघे कुरकुरतात. यादीत डिस्नेलँड, मोठा बुद्ध, व्हिक्टोरिया पीक, लेडीज मार्केट आणि जमलं तर मकाव. एवढं बसेल का?

नाही बसणार. ओढूनताणून बसवलंत तर दोन दिवस रांगांमध्ये जातील. मी बरीच वर्षं मराठी मंडळींना घेऊन तिकडे जातोय, आणि या यादीतली निम्मी नावं मी पहिल्या फोनवरच खोडतो. डिस्नेलँडला अख्खा दिवस लागतो आणि लहान मूल बरोबर नसताना तो दिवस तिथं घालवण्यात अर्थ नाही. मकावला भारतीयांना व्हिसा लागत नाही हे खरं, पण इमिग्रेशन वेगळं आहे. बोटीचा तास-तासाचा प्रवास आणि दोन्हीकडच्या रांगा धरल्या की रविवार संपला. लेडीज मार्केटमधला माल आता आपल्याकडच्या फुटपाथवरही मिळतो.

हाँगकाँगला स्थळांपेक्षा जाणं-येणं बघायचं असतं, हे माझं ठाम मत. मधे समुद्र, पाठीशी उभा डोंगर आणि दोन्हींच्या बेचक्यात शहर. त्यामुळे या लोकांनी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यासाठी जे जे उभं केलंय, तेच बघण्यासारखं झालंय: फेरीबोट, दुमजली ट्राम, रस्त्यांच्या डोक्यावरून जाणारे पादचारी पूल, डोंगर चढणारे सरकते जिने. आधी ही वाहनं ठरवा, मग त्यांच्या वाटेवर येतील ती ठिकाणं घ्या. बाबांच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचं.

आधी कागदपत्रांचं, कारण विमानतळावरून परत पाठवलेली माणसं मी पाहिलीत. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन 'प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन' करावंच लागतं. ते हाँगकाँग इमिग्रेशनच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट होतं, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. प्रत्येकाचं स्वतंत्र करायचं, आईबाबांचंही. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणे. निकाल बहुधा लगेच येतो. मंजूर झालं की येणारी स्लिप कोऱ्या ए-फोर कागदावर छापून, सही करून जवळ ठेवायची. ती सहा महिने चालते. नामंजूर झालं तर रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम तिकीट काढायच्या आधी करा. उलटा क्रम लावणारे बरेच भेटतात.

हॉटेल कौलूनच्या बाजूला, म्हणजे हाँगकाँग बेटासमोरच्या मुख्य भूमीवर घ्या, त्सिम शा त्सुई किंवा जॉर्डन भागात. खोल्या लहान असतात. बॅग उघडली की पाय ठेवायला जागा उरत नाही, ही अतिशयोक्ती नाही. दोन मोठ्या बॅगांऐवजी तीन छोट्या आणा.

विमानतळावर उतरल्यावर पहिली खरेदी ऑक्टोपस कार्डाची. १९९७ पासून हे एकच कार्ड मेट्रो, बस, ट्राम, फेरी, किराणा दुकान, सगळीकडे चालतं. बसमध्ये रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत, त्यामुळे हे प्रत्येकासाठी वेगळं घ्याच. शहरात यायला एअरपोर्ट एक्स्प्रेस २४ मिनिटांत हाँगकाँग स्टेशनला पोहोचवते, पण तुम्हाला मी ए२१ ही बस सुचवेन. स्वस्त आहे, थेट नॅथन रोडवर, म्हणजे तुमच्या हॉटेलाच्याच भागात सोडते आणि दुमजली आहे. बॅगा खाली ठेवून वरच्या मजल्यावर पुढच्या काचेपाशी बसा. बंदरातले कंटेनर, समुद्रावरचे पूल आणि चाळीस-पन्नास मजली इमारतींच्या भिंती यांची ओळख त्या तासाभरात फुकटात होते.

खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. बॅगा काउंटरवर ठेवून जेवून घ्या आणि मग सरळ झोपा. रात्रीच्या विमानात झोप झालेली नसते आणि घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. तरुण मंडळी ही झोप वाचवायला बघतात आणि संध्याकाळी सहाला आई-बाबा बाकावर बसून राहतात. साडेतीनपर्यंत विश्रांती, मग स्टार फेरी.

या बोटीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मुंबईहून आलेल्या दोराबजी नौरोजी या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये कौलून फेरी कंपनी काढली. त्यांच्या बोटीचं नाव होतं 'मॉर्निंग स्टार'. १८९८ मध्ये कंपनीचं नाव बदलून स्टार फेरी झालं आणि आजही प्रत्येक बोटीच्या नावात 'स्टार' असतोच. धक्क्याच्या मागच्या बाजूला मोदी रोड लागेल. तो होरमसजी मोदींच्या नावाचा, हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीला मोठी देणगी देणारे तेच. हे आई-बाबांना बोटीत बसण्यापूर्वी सांगा, त्यांना गंमत वाटते.

बोटीला पुढची-मागची बाजू नसते. दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे ती वळत नाही, आली तशी परत जाते. लाकडी बाकांच्या पाठी म्हणूनच हलत्या असतात. चढलात की पाठीला हात लावून ती पलीकडे ढकलायची, की बाकाची दिशा बदलते. स्थानिक माणसं हे न बघता एका हातानं करतात, आपले लोक उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि अर्धं पाणी ओलांडल्यावर त्यांच्या लक्षात येतं. तिकीट वरच्या मजल्याचं घ्या, दहा हाँगकाँग डॉलरच्याही आत येतं. प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा. याच पाण्यावर वेगळी 'हार्बर क्रूझ' म्हणून जे विकतात त्याला कितीतरी पट पैसे पडतात आणि दिसतं तेच.

समोर येणाऱ्या इमारतींत दोन ओळखून ठेवा. तिरक्या त्रिकोणांची, टोकदार ती बँक ऑफ चायना, आय. एम. पेई यांनी आखलेली, १९९० मध्ये पूर्ण झाली. तिच्याजवळची, सांगाडा बाहेरून दिसणारी ती एचएसबीसी, नॉर्मन फॉस्टर यांची, १९८५ ची. पेईंच्या इमारतीच्या धारदार कडा फेंगशुईनं अशुभ, म्हणून एचएसबीसीनं गच्चीवर तोफेसारख्या दिसणाऱ्या क्रेन तिच्या दिशेनं रोखल्या, अशी कथा गावभर सांगितली जाते. क्रेन खिडक्या-भिंतींच्या देखभालीच्या आहेत, पण तोफेसारख्या दिसतात खऱ्या.

पलीकडे बेटावरच्या सेंट्रल भागात उतरल्यावर पीकवर, म्हणजे शहरामागच्या व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जायचं, पण पीक ट्रामनं नाही. ही केबलनं ओढली जाणारी गाडीही १८८८ चीच, चढण भन्नाट आहे, यात वाद नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र तिच्या रांगेत तास-दीड तास सहज जातो आणि तेवढ्यात सूर्य मावळतो. सेंट्रलहून १५ नंबरची बस धरा, पुन्हा वरचा मजला. वळणं घेत, झाडांच्या फांद्या काचेवर घासत ती चढते, आणि एकेका वळणावर खालचं शहर थोडं थोडं दिसत जातं. ट्रामची हौस असेलच तर उतरताना बघा, तीही रात्री उशिरा रांग ओसरल्यावर.

वर गेल्यावर बहुतेक जण तिकीट काढून स्काय टेरेस या गच्चीवर गर्दी करतात. तुम्ही लुगार्ड रोडवर वळा. रस्ता जवळजवळ सपाट आहे, बाबांना चालवेल. एका बाजूला डोंगर आणि हवेत मुळं सोडलेली रबराची मोठी झाडं, दुसऱ्या बाजूला कठडा. दहा-पंधरा मिनिटं चाललात की झाडी अचानक सुटते आणि अख्खं बंदर पायाखाली येतं. पूर्ण फेरी साडेतीन किलोमीटरची आहे, ती करायची गरज नाही, तिथूनच परत फिरा. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी त्या जागी असायला हवं, म्हणजे उजेडातलं शहर आणि दिव्यांतलं शहर दोन्ही एकाच जागी उभ्या-उभ्या दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये पीक कित्येकदा ढगात असतं. खालून माथा दिसत नसेल तर वर जाऊ नका, पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसणार नाही.

रात्री ८ वाजता बंदराच्या दोन्ही काठांवर दिव्यांचा खेळ असतो. त्यासाठी धावपळ करू नका. मला तो फिकाच वाटतो, नेहमीचे दिवे त्याहून छान असतात. परतीच्या फेरीत बसलेले असताना दिसला तर दिसला. कौलूनच्या धक्क्याशी घड्याळाचा ४४ मीटर उंच मनोरा आहे, १९१५ चा. पूर्वी तिथं रेल्वे स्टेशन होतं, बाकी सगळं पाडलं, तेवढं ठेवलं. त्याच्याजवळ बसून मग हॉटेल गाठा.

आता जेवणाचं, कारण तुमच्या प्रश्नात ते अर्ध्या ओळीत आहे आणि प्रत्यक्षात दोन्ही दिवस हाच विषय असणार. 'व्हेज' म्हटल्यावर भाज्याच येतील, पण त्यावर ऑयस्टर सॉस किंवा खाली मांसाचं पाणी असू शकतं. त्यांच्या लेखी ती भाजीच असते, फसवणूक नव्हे. बेकरीतल्या पावातही डुकराची चरबी असू शकते. म्हणून पक्के शाकाहारी असाल तर दोन प्रकार सुरक्षित: बौद्ध शाकाहारी भोजनालयं आणि भारतीय हॉटेलं. नॅथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्सच्या पोटात भारतीय खाणावळी आहेत. इमारत कळकट, दारात हॉटेल-घड्याळं-शिंपी विकणारे दलाल मागे लागतात, आई घाबरतील. मान न वळवता लिफ्ट गाठायची. आणि एकदा चा चान तेंगमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या इराणीसारख्या हॉटेलात, दुधाचा चहा प्या. कडक उकळलेला, कापडी गाळणीतून गाळलेला, डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा. आपल्या लोकांना तो पहिल्या घोटात आवडतो. टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसेल, तिथली तीच पद्धत. मेट्रोत मात्र खायला-प्यायला मनाई आहे, दंड होतो. चिवड्याची पुडी बागेत उघडा.

रविवारी सकाळी खोली सोडून बॅगा हॉटेलातच ठेवा आणि मेट्रोनं डायमंड हिलला जा. स्टेशनपासून काही मिनिटांवर नान लियान बाग आणि ची लिन हा भिक्षुणींचा मठ आहे, दोन्हींना प्रवेश फुकट. मठाची स्थापना १९३४ ची, पण आताची लाकडी वास्तू १९९८ ची, थांग राजवटीच्या शैलीतली. खांब, तुळया, छताचे कोनाडे एकमेकांत खाचा करून अडकवलेत, खिळे न ठोकता. जवळ जाऊन छताखाली उभं राहून सांधे बघा. कुठं एक तुळई संपते आणि कुठं दुसरी सुरू होते हे बोट ठेवून शोधावं लागतं. मागे चहूबाजूंनी निवासी मनोरे उभे असतात, त्यामुळे काही जणांचा फोटो बिघडतो. मला तर तीच जागेची खरी मजा वाटते. बागेत कृत्रिम धबधबा आहे आणि त्याच्या मागेच शाकाहारी भोजनालय. दुपारचं जेवण तिथं घ्या, आई-बाबा निर्धास्त जेवतील. रविवारी गर्दी असते, उघडताक्षणी पोहोचा.

उत्साह शिल्लक असेल तर तिथून मेट्रोनं दोनच स्टेशनं पुढे, सुंग वाँग तोईला उतरून कौलून वॉल्ड सिटी पार्क बघता येईल. एकमेकांवर रचलेल्या खोल्यांची ती कुप्रसिद्ध वस्ती १९९३-९४ मध्ये पाडली आणि १९९५ मध्ये बाग झाली. बागेत वस्तीची धातूची प्रतिकृती आहे. दमला असाल तर सोडून द्या.

मग हॉटेलातून बॅगा उचलून हाँगकाँग स्टेशनला या आणि तिथल्या लगेज काउंटरवर पैसे भरून ठेवा. काही विमान कंपन्यांच्या बॅगा तिथंच चेक-इन करून घेतात, तुमच्या कंपनीचं आधी विचारून घ्या. आता हात मोकळे, आणि रविवारचं सेंट्रल समोर आहे.

बँकांच्या या भागात रविवारी ऑफिसं बंद असतात आणि सगळी मोकळी जागा घरकाम करणाऱ्या बायकांनी भरलेली असते, मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. शहरात अशा कामगारांची संख्या तीन लाखांहून जास्त आहे. कायद्यानं त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळते, म्हणजे सुट्टीच्या दिवशी जायला स्वतःची अशी जागा नाही. चेटर रोड त्या दिवशी वाहनांना बंद असतो. खोकी उलगडून अंथरलेली, कडेला चपला ओळीनं काढलेल्या, मधे डबे, पत्ते, नेलपॉलिश. कुणी मायदेशी पाठवायचं खोकं चिकटपट्टीनं बांधतंय, कुणी व्हिडिओ कॉलवर मुलाचा अभ्यास घेतंय. एचएसबीसीच्या इमारतीखालची मोकळी जागाही अशीच भरलेली असते. पहिल्यांदा आलेल्यांना वाटतं काही आंदोलन आहे. चालत जा, बघा, पण कॅमेरा रोखू नका, लोक बसलेत ते त्यांच्या दिवाणखान्यात.

बँकेच्या दारातले दोन ब्राँझचे सिंह १९३५ चे आहेत. त्यांना बँकेच्याच अधिकाऱ्यांची नावं आहेत, डरकाळी फोडणारा स्टीफन आणि तोंड मिटलेला स्टिट. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी वितळवण्यासाठी ते उचलून नेले होते, युद्धानंतर सापडले आणि परत आले. स्टीफनच्या अंगावर लढाईतले खड्डे अजून आहेत, बोट फिरवून बघा.

तिथून पादचारी पुलांनी सेंट्रल मार्केटला या आणि सरकते जिने धरा. १९९३ मध्ये सुरू झालेली ही साखळी एकूण ८०० मीटर लांब आहे आणि १३५ मीटरपेक्षा जास्त उंची चढते. सकाळी ६ ते १० ती खाली धावते, वर राहणारे कामावर जातात म्हणून, आणि १० नंतर मध्यरात्रीपर्यंत वर. म्हणजे दुपारी चढण फुकट, उतरण मात्र पायऱ्यांनी. बाबांसाठी हे महत्त्वाचं: शेवटपर्यंत जाऊ नका. हॉलिवुड रोडच्या पातळीवर ताय क्वूनला उतरा. ही जुनी पोलीस चौकी, न्यायालय आणि तुरुंग यांची इमारत-वस्ती २०१८ पासून सर्वांसाठी खुली आहे. १९३१ मध्ये व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह याच व्हिक्टोरिया तुरुंगात होते. कोठड्या बघून अंगणात बसा. मग हॉलिवुड रोडनंच पश्चिमेला चालत मॅन मो मंदिर, १८४७ चं. एक देव विद्येचा, एक युद्धाचा. छताला शंकूसारख्या गुंडाळलेल्या प्रचंड अगरबत्त्या टांगलेल्या असतात, राख डोक्यावर पडते. आईंना दमा असेल तर बाहेरूनच नमस्कार. मंदिराशेजारच्या लॅडर स्ट्रीटच्या पायऱ्या उतरू नका, टॅक्सी घ्या.

शेवटचे दोन तास ट्रामला. १९०४ पासून ट्राम बेटाच्या उत्तर काठानं धावते, आता ती दुमजली आहे, भाडं चार डॉलरच्याही आत. मागून चढायचं, पुढून उतरताना कार्ड टेकवायचं. पाटीवर 'नॉर्थ पॉइंट' लिहिलेलीच ट्राम पकडा, दुसरी नको, कारण हीच शेवटी चुन येउंग स्ट्रीटच्या भर बाजारात शिरते. दोन्हीकडे भाज्यांचे ढीग, मासे, कपडे, आणि रूळांवर माणसं. मोटरमन घंटा वाजवतो, माणसं अंग चोरून हातभर सरकतात, ट्राम जाते आणि मागे रस्ता पुन्हा भरतो. वरच्या पुढच्या खिडकीतून हे बघायला हवं. मासळीचा वास येतो, आईंना आधी कल्पना द्या. तिथून मेट्रोनं सेंट्रल, भुयारी वाटेनं हाँगकाँग स्टेशन, बॅगा, आणि एअरपोर्ट एक्स्प्रेस.

राहिला मोठा बुद्ध. ३४ मीटरची ब्राँझची मूर्ती, १९९३ ची, २६८ पायऱ्या. मी तो दोन दिवसांत घेत नाही. पण आईंची इच्छाच असेल तर शनिवारी उतरल्याबरोबर करा, कारण तो विमानतळाला लागूनच असलेल्या लांताऊ बेटावर आहे. बॅगा विमानतळावर ठेवून एस१ बसनं तुंग चुंग, तिथून केबल कार किंवा २३ नंबरची बस. मूर्तीजवळच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं आणि पायऱ्या न चढताही मूर्ती नीट दिसते. त्या बदल्यात दुपारची झोप जाईल आणि पीक रविवारवर ढकलावं लागेल, म्हणजे ट्राम किंवा ताय क्वून यांपैकी एक कापा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ सगळ्यात चांगला. मे ते सप्टेंबरमध्ये जात असाल तर वादळाच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवा. ८ नंबरचा सिग्नल लागला की फेरी, ट्राम, बस सगळं थांबतं आणि दुकानंही बंद होतात. तशा दिवशी हॉटेलातच राहायचं आणि विमान कंपनीचा निरोप बघत बसायचं. कुठल्याही ऋतूत आई-बाबांसाठी शाल मात्र हातातल्या पिशवीत असू द्या, मेट्रो आणि मॉलमधला एसी हाडं गोठवतो.